संगणक उघडत नाही म्हणजे हिशेब बुडाला असे नव्हे

दुकानाच्या कुलपाची किल्ली हरवली म्हणून कोणी दुकान पाडत नाही. कुलूपवाल्याला बोलावले जाते, कुलूप उघडले जाते आणि आतला माल जागच्या जागी सापडतो. संगणकाच्या बाबतीत मात्र आमचे अनेक व्यापारी व कारागीर बांधव नेमके उलटे करताना दिसतात. सकाळी संगणक सुरू झाला नाही, काळ्या पडद्यावर चार इंग्रजी ओळी दिसल्या, की तो उचलून दुरुस्तीवाल्याकडे नेला जातो. तो म्हणतो, "फॉरमॅट करावा लागेल." आणि आपण मान डोलावतो. संध्याकाळी संगणक चालू होऊन घरी येतो, पण वर्षानुवर्षांचा हिशेब, गिऱ्हाइकांची उधारी आणि कामाचे नमुने पुसले गेलेले असतात. असे नुकसान एका घरी होता होता वाचले. तो प्रकार आम्ही जवळून पाहिला असल्याने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

एका घरात दोन बिऱ्हाडे

खामगावात आमचे एक जुने स्नेही घरूनच लग्नपत्रिका जुळवण्याचे काम करतात. त्यांचे वालिद कातिब होते. उर्दू पत्रिका ते बोरूने लिहीत असत. पुढे १९९४ मध्ये इनपेज हा संगणकावर नस्तालीक लिहिण्याचा कार्यक्रम आला आणि हळूहळू गावोगावचे कातिब मागे पडले. मुलाने मात्र वडिलांचा धंदा सोडला नाही, हत्यार बदलले. आज त्यांच्याकडे उर्दू आणि मराठी अशा दोन्ही पत्रिका होतात आणि घाटावरच्या चिखली-मेहकरपासून घाटाखालच्या नांदुरा-मलकापूरपर्यंतची कामे येतात.

त्यांचा संगणक दहा-बारा वर्षांपूर्वीचा आहे. त्यावर विंडोज १० चालत होते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे पाठबळ संपवले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि त्यामानाने नवा प्रोसेसर लागतो. तो या संगणकात नव्हता. नवा संगणक घेण्याची ऐपत लग्नसराईआधी कोणाची असते? म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला. विंडोज तसेच ठेवून त्याच डिस्कवर एक वेगळा भाग करून त्यात लिनक्स बसवून घेतले. लिनक्सला पैसे पडत नाहीत, जुन्या संगणकावर ते बऱ्यापैकी चालते आणि त्याच्या सुरक्षा-दुरुस्त्या चालू असतात.

या व्यवस्थेला ड्युअल बूट म्हणतात. संगणक सुरू करताच एक यादी येते आणि विंडोज हवे की लिनक्स ते आपण निवडतो. हिचा फायदा आमच्या लोकांना विशेष आहे. इनपेज, टॅली, कोरल ड्रॉ हे आपले रोजचे कार्यक्रम विंडोजवरचे आहेत, ते सोडता येत नाहीत. उलट बँक, जीएसटीचे विवरणपत्र, ईमेल, मुलांचा अभ्यास ही कामे ब्राउझरमधून होतात आणि ती लिनक्सवर बिनधास्त करता येतात. आमचे स्नेही पत्रिका विंडोजमध्ये जुळवीत आणि उधारीचा तक्ता, बँकेच्या पावत्या लिनक्समध्ये ठेवीत. एका घरात दोन बिऱ्हाडे सुखाने नांदत होती.

"भाईजान, सगळे गेले!"

एका रात्री त्यांच्या दहावीतल्या मुलाने विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट उघडले. तेथे त्याला ८० जीबीचा एक भाग दिसला. त्याला ना नाव होते, ना सी-डी सारखे अक्षर. जागा फुकट पडली आहे असे समजून त्याने तो काढून टाकला आणि संगणक बंद करून झोपी गेला. मुलाचा दोष म्हणता येणार नाही. विंडोजला लिनक्सचा भाग वाचता येत नाही, म्हणून तो असा बेनामी दिसतो. नाव नसलेली खोली रिकामीच असेल असे कोणालाही वाटेल.

सकाळी संगणक सुरू केला तर यादी आलीच नाही. असा विभाग सापडत नाही, अशा अर्थाची इंग्रजी ओळ आणि खाली "ग्रब रेस्क्यू" एवढी दोनच अक्षरे लुकलुकत होती. लिनक्स तर नाहीच, विंडोजही उघडेना. एका दुरुस्तीवाल्याला विचारले तर त्याने फोनवरच सांगितले की पूर्ण डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकावे लागेल, पाचशे रुपये होतील, डेटाची हमी नाही.

आमचे स्नेही आमच्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. "भाईजान, सगळे गेले! तेरा लग्नांच्या पत्रिका आत आहेत. तारखा ठरलेल्या. आणि उधारी तर फक्त त्यातच लिहिलेली. कोणाकडे काय मागू?"

आम्ही त्यांना एकच प्रश्न विचारला, "अजून कोणी काही पुसले तर नाही ना?" नाही म्हणाले. मग आम्ही सांगितले, "तर मग काहीही गेलेले नाही. फक्त संगणकाला हात लावू नका."

बिघडले काय होते?

हे आम्ही धीर देण्यासाठी म्हटले नव्हते. त्यामागे साधे कारण आहे आणि ते प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे.

जुन्या पद्धतीच्या संगणकात डिस्कचा अगदी पहिला तुकडा ५१२ बाइटचा असतो. त्यातले पहिले ४४६ बाइट म्हणजे दारवान. संगणक सुरू झाला की आधी तो जागा होतो. पुढचे ६४ बाइट म्हणजे घराचा नकाशा. त्यात जास्तीत जास्त चार खोल्यांची नोंद मावते, प्रत्येक नोंद १६ बाइटची. उरलेले दोन बाइट ही खूण असते.

लिनक्स बसवताना दारवानाच्या जागी ग्रब नावाचा कार्यक्रम येऊन बसतो. या जुन्या पद्धतीत ग्रबचा छोटा भाग डिस्कच्या सुरुवातीला असतो, पण दाखवायची यादी आणि बाकी सामान लिनक्सच्या खोलीत असते. मुलाने जेव्हा तो भाग काढून टाकला तेव्हा खोलीतले सामान जळाले नाही. नकाशावरची १६ बाइटची नोंद तेवढी पुसली गेली. दारवान दारात उभा होता, पण त्याची यादी ज्या खोलीत होती ती खोली त्याला नकाशावर सापडेना. म्हणून त्याने दोघांनाही आत सोडले नाही. विंडोज धडधाकट असूनही उघडत नव्हते ते याच कारणाने.

फॉरमॅट केले असते तर मात्र खरोखर नुकसान झाले असते. पुसलेल्या नोंदीच्या जागी नवे लिहिले गेले की जुने परत मिळवणे अवघड होते, आणि एसएसडी प्रकारच्या डिस्कवर तर बहुतेक वेळा अशक्यच.

आम्ही काय केले?

पहिले काम दुसऱ्या घरच्या लॅपटॉपवर केले. लिनक्स मिंटची फाइल उतरवून घेतली आणि रूफस या मोफत कार्यक्रमाने ती ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवली. असे करताना पेन ड्राइव्हवरचा जुना मजकूर पुसला जातो, सबब रिकामाच घ्यावा. या पेन ड्राइव्हची खुबी अशी की संगणकाच्या डिस्कला न विचारता तो स्वतःच संगणक चालवतो.

दुसरे काम, संगणक सुरू होताना एफ१२ ही कळ दाबून पेन ड्राइव्ह निवडला. कंपनीनुसार ही कळ एफ२, एफ९, एफ१०, एस्केप किंवा डिलीट अशी वेगळी असू शकते. पडद्यावर लिनक्स उघडले. "इन्स्टॉल" असे चित्र समोर दिसते, पण त्याला आम्ही हात लावला नाही. घाईघाईत तेथे बोट पडले तर केलेले सर्व पाण्यात जाते.

तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे. दुरुस्तीआधी माल बाहेर काढला. विंडोजचे विभाग पेन ड्राइव्हवरून उघडले. पत्रिकांच्या सर्व फाइली जशाच्या तशा दिसल्या तेव्हा आमच्या स्नेह्यांनी खुर्चीवर अंग टाकले. बाहेरची एक डिस्क जोडून सगळे तिच्यावर उतरवून घेतले. दीड तास लागला. तोवर चहा झाला, पण दुरुस्तीला सुरुवात केली नाही.

चौथे काम नकाशाचे. टेस्टडिस्क नावाचा मोफत कार्यक्रम संपूर्ण डिस्क चाळून हरवलेल्या खोल्यांच्या खुणा शोधतो. त्याने लिनक्सचा ८० जीबीचा भाग हुडकून काढला. लगेच "लिहा" म्हणायचे नसते. आधी त्या भागातल्या फाइलींची यादी तेथेच पाहता येते. ती पाहिली, उधारीचा तक्ता दिसला, बाकीचे तीन विभागही यादीत बरोबर आहेत याची खात्री केली आणि मगच नोंद परत लिहिली.

पेन ड्राइव्ह काढून संगणक सुरू केला. यादी आली. विंडोजही आले, लिनक्सही आले. पुसले गेले होते फक्त सोळा बाइट!

बिघाड वेगळा असेल तर?

प्रत्येक वेळी दुखणे हेच असेल असे नाही. तक्रार तीच दिसली तरी कारणे निराळी असतात, म्हणून नेहमीच्या चार गोष्टी येथे नमूद करतो.

एक, थेट विंडोज उघडते, निवडीची यादी येतच नाही. अलीकडच्या यूईएफआय पद्धतीच्या संगणकात दारवानांसाठी डिस्कवर एक वेगळा छोटा विभाग असतो आणि त्यात विंडोज व लिनक्स यांचे कप्पे वेगवेगळे असतात. कोणी आधी यायचे तो क्रम संगणकाच्या अंगच्या स्मरणात असतो. काही वेळा विंडोजच्या अपडेटनंतर विंडोज पहिल्या क्रमांकावर येऊन बसते. अशा वेळी दुरुस्ती एवढीच की सुरुवातीची कळ दाबून सेटिंगमध्ये जावे आणि क्रम बदलून लिनक्स वर आणावे. दोन मिनिटांचे काम आहे.

दोन, यादी येते पण तीत विंडोजचे नाव नाही. ग्रबच्या २०२१ सालच्या २.०६ आवृत्तीपासून दुसरी प्रणाली शोधण्याची सोय मुळात बंद ठेवलेली असते. काही लिनक्स प्रकार ती चालू करून देतात, काही देत नाहीत. ओएस-प्रोबर या नावाची ही सोय ग्रबच्या सेटिंगमध्ये चालू करून यादी नव्याने बनवली की विंडोज परत दिसते. विंडोज कोठे गेलेले नसते.

तीन, ग्रबच मोडला आहे. विंडोज नव्याने टाकले की जुन्या पद्धतीच्या संगणकात दारवानाची जागा विंडोज घेते आणि लिनक्स आत अडकते. पेन ड्राइव्हवरून लिनक्स उघडून ग्रब पुन्हा बसवता येतो. बूट-रिपेअर नावाचा कार्यक्रम हे काम बहुतांशी आपोआप करतो. हाताने करणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की जुन्या पद्धतीत ग्रब एखाद्या विभागावर बसवायचा नसतो, संपूर्ण डिस्कच्या नावावर बसवायचा असतो.

चार, "सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन" अशी सूचना येऊन संगणक बंद पडतो. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर जगभरात ड्युअल बूट केलेल्या अनेक संगणकांवर हे घडले. जुने, सुरक्षेत पोकळ राहिलेले ग्रब रोखण्यासाठी ते पाऊल होते. दोन प्रणाली असलेल्या संगणकांना ते लागू होणार नव्हते, पण काही ठिकाणी विंडोजला दुसरी प्रणाली ओळखता आली नाही. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ च्या अपडेटमध्ये ही चूक सुधारली. ज्यांचा संगणक अडकला त्यांना सेक्युअर बूट तात्पुरते बंद करून, लिनक्समध्ये जाऊन तो नियम काढून, लिनक्स अद्ययावत करून पुन्हा सेक्युअर बूट चालू करता आले. फॉरमॅटची गरज येथेही नव्हती.

मात्र एक इशारा देतो. विंडोज ११ असलेल्या अनेक नव्या लॅपटॉपवर डिस्क बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शनने कुलूपबंद असते. सेक्युअर बूटला हात लावताच तो ४८ आकडी किल्ली मागू शकतो. ती किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली असते. आज संगणक चालू असतानाच ती काढून कागदावर लिहून ठेवावी. किल्ली नसेल तर तेथे मात्र कुलूपवाल्याचाही इलाज चालत नाही.

आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, फाइल उघडायला फार वेळ लागत असेल, तर दुखणे यादीचे नाही, डिस्क मरणपंथाला लागली आहे. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये. जेवढे निघेल तेवढे काढावे किंवा जाणकाराकडे द्यावे.

दोन बिऱ्हाडांचे दोन नियम

ज्यांच्याकडे दोन्ही प्रणाली आहेत त्यांना आणखी दोन गोष्टी त्रास देतात. पहिली वेळेची. विंडोज संगणकाच्या घड्याळात स्थानिक वेळ धरते, लिनक्स जागतिक प्रमाणवेळ धरते. आपल्याकडे फरक साडेपाच तासांचा. त्यामुळे लिनक्समधून विंडोजमध्ये आले की सकाळी ११ वाजता केलेल्या बिलावर साडेपाचची वेळ पडू शकते. लिनक्सला घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवण्यास एकदा सांगितले की हा घोळ मिटतो.

दुसरी गोष्ट, विंडोजमधील फास्ट स्टार्टअप बंद ठेवावे. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते. त्या स्थितीत लिनक्सला तेथील फाइल वाचता येते पण बहुधा लिहिता येत नाही, आणि जबरदस्तीने लिहिले तर फाइली बिघडण्याचा धोका असतो.

ज्यांना थोडा खर्च झेपेल त्यांनी एका डिस्कचे दोन भाग करण्यापेक्षा लिनक्ससाठी वेगळी लहान एसएसडी लावावी. घरे वेगळी झाली की दारवानांचे भांडण बरेचसे मिटते.

उधारीची वही एकट्याची नसते

आमच्या स्नेह्यांची बाजू सावरली, पण यात त्यांचीही एक चूक होती आणि ती त्यांनी स्वतः कबूल केली. वालिद पत्रिकेची एक प्रत नेहमी पेटीत जपून ठेवीत. मुलाने मात्र सर्व काही एकाच डिस्कवर ठेवले. उधारीचा हिशेब ही दोघांची अमानत असते, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. तो पुसला गेला तर ज्याने अर्धे पैसे दिले आहेत त्याच्याकडे पुन्हा मागण्याची किंवा ज्याने दिले नाहीत त्याला सोडून देण्याची पाळी येते. धंद्याची साख अशानेच जाते. शिवाय केंद्रीय जीएसटी कायदा २०१७ च्या कलम ३६ प्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याने हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावयाची असतात. संगणक बिघडला होता, हे त्यावर उत्तर होऊ शकत नाही.

आता त्यांनी नियम केला आहे. दर गुरुवारी रात्री काम आवरले की बाहेरच्या डिस्कवर नक्कल उतरवायची आणि डिस्क काढून कपाटात ठेवायची. संगणकाला जोडूनच ठेवलेली नक्कल ही नक्कल नव्हे. वीज कडाडली तर दोन्ही एकदम जातात. तो बचावाचा पेन ड्राइव्हही त्याच कपाटात आहे, आणि त्याची जबाबदारी मुलावर दिली आहे. ज्याच्या हातून खोली हरवली त्यालाच किल्ली सांभाळायला दिली, हे आम्हाला फार आवडले.

तरुणांनी विचार करावा

शेवटी आमच्या तरुण बांधवांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. मोबाइल व संगणक दुरुस्तीच्या धंद्यात आमची अनेक मुले आहेत. फॉरमॅट करून पाचशे रुपये घेणे सर्वांनाच येते, म्हणून त्यात चढाओढही तेवढीच आहे. गिऱ्हाइकाचा डेटा आधी बाहेर काढून मग दुरुस्ती करणारा मात्र तालुक्याच्या गावी शोधावा लागतो. वर सांगितलेले सर्व कार्यक्रम मोफत आहेत. भांडवल म्हणाल तर एक पेन ड्राइव्ह, एक मोठी बाहेरची डिस्क आणि घाई न करण्याची सवय. दुसऱ्याच्या फाइली उघडून न पाहण्याचा प्रामाणिकपणा हवा, तो तर घरचाच आहे.

आणि गिऱ्हाइकांनीही दुरुस्तीला संगणक देताना पहिले वाक्य एवढेच बोलावे, "आधी माल बाहेर काढा, मग कुलपाला हात लावा." आमच्या स्नेह्यांच्या तेराही पत्रिका वेळेवर छापून गेल्या. त्यातल्या एका लग्नाला आम्हीही जेवून आलो.